बनशंकरीला उतरायचं

आमच्या संस्थेत दरवर्षी परिषद भरते आणि दरवर्षी तिच्या आधी महिनाभर माझं पोट बिघडतं. भाषणं ठरवणारे लोक वेगळे आणि ती करणारे वेगळे. माझ्याकडं असतं ते पाहुण्यांचं येणं, जाणं आणि राहणं. कोण कुठल्या गाडीनं येणार, कोणाला खालचाच बर्थ लागतो, कोणाच्या खोलीला जिना नको, कोणाला लसणाचा वाससुद्धा चालत नाही, हे सगळं मी एका भल्यामोठ्या तक्त्यात भरत बसतो. पंधरा वर्षं बेंगळुरात हेच करतोय, आणि अजून एकही परिषद अशी झाली नाही की आदल्या आठवड्यात मला धड झोप लागली. बायको म्हणते, तुला काळजी करायला काही मिळालं नाही तर तू त्याचीच काळजी करशील. ती पुण्याची आहे, व्हाइटफील्डला एका कंपनीत नोकरी करते, आणि तिच्या मते जगातल्या बऱ्याचशा गोष्टी आपोआप होतात.

मला हे पटत नाही. गोष्टी आपोआप होत नाहीत, कोणीतरी आधी चार फोन केलेले असतात.

त्या वर्षी परिषदेचा विषय होता प्राथमिक शाळेतली भाषा. मूल घरी एक भाषा बोलतं आणि शाळेत दुसरी, तेव्हा त्याचं काय होतं, असा. विषय जाहीर झाला त्याच दिवशी दुपारी मी संचालक मॅडमच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, यावर बोलायला माझ्या माहितीत एक बाई आहेत. इतक्या वर्षांत पाहुणे कोण असावेत याबद्दल मी तोंड उघडलं नव्हतं. माझं काम त्यांना आणण्याचं. मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं.

बाई म्हणजे माझ्या पहिलीच्या बाई. आमचं गाव अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेलं. घरोघरी कानडी आणि शाळा मराठी. आमचं घर मराठी बोलणारं, पण विटीदांडू घेऊन बाहेर पडलो की मीही कानडीच. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी आम्हाला पाटीवर हत्ती काढायला सांगितला. माझ्या शेजारच्या मुलानं एक झाड काढलं आणि त्याला गोल गोल बोंडं लावली. साहेब भडकले, म्हणाले, पोरं शिकवताय की गुरं राखताय. बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, त्याचं बरोबर आहे. कानडीत हत्ती म्हणजे कापूस." साहेबांना ते आवडलं नाही आणि बाईंच्या शेऱ्यात तसं उतरलंही. पण त्या दिवसापासून बाईंनी एक वही घातली. दोन्ही भाषांत सारखे वाजणारे आणि अर्थ निराळा असणारे शब्द. 'काल' मराठीत होऊन गेलेला दिवस, कानडीत पाय. 'हाल' मराठीत काय ते आपल्याला माहीत आहे, कानडीत ते दूध. नुसते शब्द नाहीत, तर कुठल्या मुलानं काय ऐकलं, त्यानं काय केलं आणि मग वर्गात काय करून पाहिलं, हे सगळं. तीस वर्षांत अशा चार वह्या भरल्या. त्या कोणी मागितल्या नाहीत आणि बाईंनीही कोणाला दाखवल्या नाहीत. आता त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, सोलापुरात पुतण्याकडं राहतात.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. पदवी विचारली, डी.एड. सांगितलं. काही छापलेलं आहे का विचारलं, नाही म्हटलं. इंग्रजी येतं का, तर तेही नाही. मग बराच वेळ पेनशी चाळा करून म्हणाल्या, "वीस मिनिटं देते. इंग्रजीत तुम्ही सांगायचं. आणि जबाबदारी तुमची." यातलं शेवटचं वाक्य मी घरी घेऊन आलो.

बाईंना फोन करून हे सांगितलं.

"मला बोलू देतील?" त्यांनी विचारलं.

"वीस मिनिटं, बाई."

"वीस मिनिटं खूप झाली की रे. इन्स्पेक्टरनी कधी पाच दिली नाहीत."

पुढं पुतण्याकडून कळलं, की बाईंनी चार वह्यांतलं निवडून एका नव्या वहीत शाईनं उतरवून काढलंय आणि रोज संध्याकाळी घड्याळ समोर ठेवून त्या भिंतीला भाषण म्हणून दाखवतात. हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. माझी काळजी वाढली. बाकीच्या पाहुण्यांचं भाषण पडलं तर ते दुसऱ्या परिषदेत जाऊन तेच भाषण करतात. बाईंना दुसरी परिषद नव्हती.

म्हणून मी बाईंच्या प्रवासाची आखणी अशी केली, की कुणाच्या लग्नाची केली नसेल. सोलापूरहून थेट बेंगळूरला येणारी गाडी, दुपारी बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी इथं. खालचा बर्थ, संडासापासून लांबचा. त्यांचं भाषण शुक्रवारी बारा वाजता, म्हणजे सकाळी पोचून अंघोळ, नाश्ता, थोडी पाठ टेकायलाही वेळ. राहण्यासाठी बनशंकरी सेकंड स्टेजला, म्हणजे बेंगळुरातल्या बनशंकरी देवळालगतच्या वस्तीत, एक गेस्ट हाऊस सापडलं, संस्थेपासून दहा मिनिटांवर. तळमजल्याची खोली होती आणि सकाळी इडलीबरोबर उपमाही मिळायचा. एक प्राध्यापक मला कोरमंगलाच पाहिजे म्हणून हटून बसले होते, कारण तिथं खायला चांगलं मिळतं. त्यांची समजूत घालताना माझ्या नाकी नऊ आले. बाईंनी मात्र एक शब्द विचारला नाही, भाषण किती वाजता हेसुद्धा नाही.

सगळ्या पाहुण्यांना मी इंग्रजीत मेल पाठवली. त्यात पत्ता, कितवा मेन रोड, कितवा क्रॉस, कुठली स्टेज, नकाशा, सगळं होतं. बाईंना मेल नव्हती. त्यांना मोबाइलवर मराठीत मेसेज लिहायचा होता, आणि मी रविवारची अर्धी सकाळ त्याच्यावर घालवली. बायको चहा घेऊन मागं उभी होती.

"अरे, सरळ 'स्टे' लिही ना. नाहीतर 'अकोमोडेशन'. सगळ्यांना कळतं."

"बाईंना मी अकोमोडेशन लिहू?"

"मग काय झालं? इट्स अ मेसेज, पेपर नाहीये."

मी तिच्याकडं दुर्लक्ष केलं. ज्या बाईंनी माझ्या हातात पेन्सिल दिली त्यांना मी धेडगुजरी मराठी पाठवणार नव्हतो. शेवटी जे पाठवलं ते मला आजही तोंडपाठ आहे. "बाई, सादर नमस्कार. तुमची उतरायची सोय बनशंकरीला केली आहे. खोली देवळाजवळच आहे. शुक्रवारी सकाळी मी स्वतः न्यायला येईन. काळजी नसावी." दोनदा वाचलं आणि स्वतःवरच खूश झालो. बाईंचं उत्तर तासाभरानं आलं. हात जोडल्याचं चित्र आणि पुढं, "किती रे आठवणीनं केलंस." मला वाटलं, तळमजल्याच्या खोलीबद्दल पुतण्यानं सांगितलं असेल.

शुक्रवारी पहाटेच उठून मी स्टेशनवर गेलो. गाडी अर्धा तास उशिरा होती. मी फलाटावर डबा जिथं लागतो त्या खुणेपाशी उभा राहिलो, मग वाटलं खूण चुकली असेल, म्हणून पुढं गेलो, परत मागं आलो. गाडी आली. डब्यातून माणसं उतरली, ट्रंका, पिशव्या, एक कुकरसुद्धा उतरला. बाई उतरल्या नाहीत. मी आत शिरलो. त्यांच्या बर्थवर एक तरुण मुलगा पांघरूण घेऊन झोपला होता.

"इथं एक आजी होत्या," मी हिंदीत म्हणालो.

"नाही. मी हुबळीला चढलो. बर्थ रिकामाच होता."

मी बर्थखाली वाकून बघितलं, तिथं बाईंची पिशवीही नव्हती. हुबळी म्हणजे वाटेतलं निम्मं अंतरसुद्धा नाही. बाईंना फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. सोलापूरला पुतण्याला लावला. तो म्हणाला, मी स्वतः डब्यात बसवलंय, पाण्याची बाटली हातात देऊन खाली उतरलो. मग त्याच्या लक्षात आलं मी का विचारतोय आणि त्याचा आवाज बदलला. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, चालत्या गाडीतून हुबळीच्या आधी नाहीशी झालेली. दारापाशी हात धुवायला गेल्या असतील. तोल गेला असेल. मी डोक्यात येईल ते सगळं वाईट एकामागून एक पाहून घेतलं, एकही सोडलं नाही. रेल्वे पोलिसांच्या चौकीकडं निघालो, तेवढ्यात फोन वाजला. बाईंचं नाव.

"मी बनशंकरीला आहे," बाई म्हणाल्या. "अंघोळ झाली, दर्शन झालं. तू कुठवर आलास?"

मला एकदम रडू येईल असं वाटलं. कशाबशा शब्दांत मी विचारलं, फोन का बंद होता. त्या म्हणाल्या, बॅटरी कमी होती, म्हणून बंद करून ठेवला, सकाळी तू येणारच होतास. मी म्हटलं, आलोच. मला काहीच प्रश्न पडला नाही. वाटलं, बर्थ बदलून घेतला असेल, माझ्या डोळ्यांसमोरून उतरल्या असतील, गर्दीत चुकामूक झाली, आणि बाईच त्या, विचारत विचारत मेट्रो पकडून पोचल्या. स्टेशनाजवळच्या मॅजेस्टिकहून बनशंकरीला मेट्रो सरळ जाते. पुतण्याला कळवलं आणि मीही तीच मेट्रो पकडली. त्या वीस-पंचवीस मिनिटांत मी इतका हलका झालो होतो, की शेजारच्या माणसाशी उगाच हवेबद्दल बोललो.

देवळाशी शुक्रवारची गर्दी होती. बायका अर्ध्या लिंबाच्या वाट्या उलट्या करून त्यात तेलवात लावत होत्या, लिंबाचा आणि तेलाचा मिळून एक उग्र वास येत होता. मी आत पाहिलं, बाहेर पाहिलं, चपलांच्या इथं पाहिलं. फोन लावला.

"बाई, मी देवळाच्या दारात आहे. तुम्ही नक्की कुठं?"

"अरे मग खाली ये की. तळ्याच्या पायरीवर बसलेय. भाकरीवाल्यांच्या शेजारी."

"कोण भाकरीवाल्या?"

"नाही का त्या, बुट्टी घेऊन बसतात. जोंधळ्याची भाकरी, शेंगाचटणी, मडक्यातलं दही. तुझ्यासाठी पण बांधून घेतलंय."

मी फुलवालीला कानडीत विचारणार होतो, इथं तळं कुठं आहे. "अक्का" एवढं म्हणालोही. ती हातातला गजरा ओवायचा थांबवून माझ्याकडं बघत राहिली आणि मला पुढं काही विचारावं लागलं नाही. ती पायरी मला माहीत होती. त्या बुट्ट्याही माहीत होत्या. माझं जावळ काढलं ते त्या तळ्याच्या काठी, आणि पुढं दर दोन-तीन वर्षांनी आई आम्हाला तिथं नेऊन त्याच बायकांकडून भाकरी घेऊन द्यायची. ते तळं इथलं नव्हतं. ते बदामीच्या बनशंकरीचं. आमचं कुलदैवत. बाईंचंही. सोलापूरहून येताना ते आधी लागतं, संध्याकाळी, हुबळीच्या कितीतरी अलीकडं.

"तुमची उतरायची सोय बनशंकरीला केली आहे." गाडीनं येणाऱ्या माणसाला मी हे लिहिलं होतं. बाईंनी ते जसं लिहिलं तसं वाचलं, आणि बनशंकरीला उतरल्या.

आमच्या भागात कोणालाही जाऊन विचारा बनशंकरी कुठं आहे, तो बदामीकडंच हात दाखवेल. तो शब्द ऐकला की घरात आई हात जोडायची. आणि मी पंधरा वर्षांत त्याचं काय करून टाकलं होतं, तर मेट्रोचं स्टेशन, बसचा स्टँड, घरभाडं कुठल्या स्टेजला परवडतं त्याचा हिशेब. मला लाज वाटली. ती अजून गेलेली नाही.

पण त्या क्षणी लाजेला वेळ नव्हता. बदामी ते बेंगळूर गाडीनं नऊ तासांचा रस्ता, आणि भाषण अडीच तासांवर. खरं सांगायला हवं होतं. बाई, माझी चूक झाली, तुम्ही चुकीच्या गावात आहात. हे शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

"बाई, तिथंच थांबा," मी म्हणालो. "मला जमत नाहीये, पण गाडी पाठवतो."

"सावकाश पाठव. मी बसलेय निवांत."

मग त्यांनी फोन शेजारच्या नारळाच्या दुकानदाराकडं दिला. मी माझ्या मोडक्या होत चाललेल्या उत्तरेकडच्या कानडीत त्याला सगळं समजावलं. तो म्हणाला, त्याच्या मेव्हण्याची गाडी आहे, पण "स्वल्प तडा आगतैतिरी अण्णार", म्हणजे थोडा उशीर लागेल. मी म्हटलं, लागू दे, पण माणूस भरवशाचा पाहिजे. तो जरा दुखावल्यासारखा म्हणाला, मेव्हणाच आहे माझा.

संस्थेत पोचलो तेव्हा उद्घाटन सुरू झालं होतं. मॅडमना बाजूला बोलावून सांगितलं. मी चूक माझी आहे असं स्पष्ट सांगितलं, पण ती काय होती हे इंग्रजीत सांगताना 'उतरणे'चं काही करता येईना, त्यामुळं ते ऐकायला आणखीच बावळट वाटलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "उद्या सकाळी पहिलं सत्र. कोणी जागा दिली तर. आणि उद्या त्या असतील ना?" जागा दिली ती कोरमंगलावाल्या प्राध्यापकांनी. त्यांची भाषणाची तयारी अर्धवटच होती, पण त्यांनी मला बरेच उपकार केल्यासारखं वागवलं. बारा वाजले तेव्हा व्यासपीठावर ते होते आणि मी मागच्या रांगेत बसून बदामीच्या गाडीवाल्याला फोन लावत होतो.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. तासातासाला फोन. हुबळी गेलं. दावणगेरे गेलं. बाई जेवल्या का, तर बांधून घेतलेली भाकरी खाल्ली. चित्रदुर्गनंतर चालकाचा फोन लागेना आणि मी पुन्हा सकाळसारखा सगळ्या वाईट गोष्टी बघून आलो. बायकोला फोन केला तर ती म्हणाली, "चिल, हायवेला नेटवर्क जातं." मला राग आला. पण ती त्या दिवशी ऑफिसातून लवकर निघून घरी आली, आतली खोली आवरली आणि कुकर लावून बसली. गेस्ट हाऊस नको, बाई आपल्याकडंच राहतील, हे तिनंच ठरवलं.

तुमकूर रोडच्या गर्दीतून गाडी आठच्या सुमाराला दारात आली. बाई उतरल्या तेव्हा त्यांची पाठ धरली होती, दोन पावलं वाकूनच चालल्या. मी पाया पडलो. त्यांनी पिशवीतून प्रसाद काढून आधी बायकोच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "याला कसं सुचलं कोण जाणे. किती वर्षं दर्शन नव्हतं. पुतण्याला म्हणून म्हणून थकले होते."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. तिला सगळं माहीत होतं. आता तरी बोल, असं त्या बघण्यात होतं. मी म्हणालो, "बाई, पाणी गरम केलंय, हातपाय धुऊन घ्या." जेवताना बाई दोन घास खाऊन थांबल्या, उद्याच्या काळजीनं जात नाही म्हणाल्या. इतकी माणसं, इंग्रजी बोलणारी, आपल्याला हसतील का, विचारलं. अशा वेळी माझी चूक त्यांच्या डोक्यावर कशाला, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. मला त्यांच्या तोंडून "किती आठवणीनं केलंस" अजून एकदा ऐकायचं होतं, आणि ते परत द्यायला लागेल याची भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी पहिलं सत्र. सभागृह पाऊण भरलेलं. बाईंनी पांढरी, बारीक काठाची साडी नेसली होती, वही छातीशी धरली होती. माझ्यासाठी शेजारी दुसरा माईक. मॅडमनी मला बजावून ठेवलं होतं, की भाषांतर करताना 'त्या म्हणतात' असं लावायचं नाही, वक्ता 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. बाई एक वाक्य बोलणार, थांबणार, मी ते इंग्रजीत सांगणार. घरी आम्ही दोनदा तालीम केली होती. पहिलं वाक्य होतं, मी तीस वर्षं एका शाळेत शिकवलं.

बाईंनी वही उघडली, पण त्यात बघितलं नाही.

"परवा मी गाडीनं इकडं यायला निघाले," त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

मी गोंधळलो. हे तालमीत नव्हतं. तरी सांगितलं.

"मला एक मेसेज आला होता. उतरायची सोय बनशंकरीला केली आहे. आमच्यात उतरणं म्हणजे गाडीतून खाली येणंही होतं आणि मुक्काम करणंही होतं. आणि बनशंकरी मला एकच माहीत होती. तिथं देवळाजवळच्या धर्मशाळेत खोलीही मिळाली, मला वाटलं हीच ती. काल मोटारीत ड्रायव्हरनं सांगितलं, आजी, बेंगळुरात पण एक बनशंकरी आहे."

म्हणजे त्यांना कालपासून माहीत होतं. काल रात्री मी पाणी गरम केलंय म्हणालो तेव्हाही माहीत होतं. माझे कान तापले. मी खाली बघत सगळं इंग्रजीत सांगितलं, दोन्ही अर्थ सांगितले, देऊळ सांगितलं. सभागृहात हसू पसरलं, बरं हसू. पहिल्यांदाच सगळ्या माना वर आल्या.

"बदामीच्या आधी टीसी आला," बाई पुढं म्हणाल्या. "म्हणाला, आजी, तिकीट बेंगळूरचं आहे, इथं कुठं उतरताय? समोरची बाईसुद्धा म्हणाली, उतरू नका. मी त्यांना मेसेज दाखवला. म्हटलं, तिकीट चुकीचं असेल. हा मुलगा चुकीचं लिहिणार नाही. त्याला लिहायला मीच शिकवलंय."

बाई थांबल्या. आता माझी पाळी होती. मी माईक नीट केला, परत नीट केला. सभागृह माझ्याकडं बघत होतं, मॅडम पहिल्या रांगेतून बघत होत्या. बाईंनी घाई केली नाही. थोड्या वेळानं माईकपासून तोंड बाजूला नेऊन हळूच म्हणाल्या, "सांग की."

मी सांगितलं.

"अशी चूक झाली की मी वहीत लिहिते," बाई म्हणाल्या. "काल रात्री ही पण लिहिली. कोणाच्या नावावर लिहायची, विचार केला. पोरगं शब्द चुकलं तर तो शब्द शिकवायचा कोणाचा राहिला, तेच मी आयुष्यभर बघत आले. उतरणेचा दुसरा अर्थ मी याला कधी सांगितला नव्हता. म्हणून याची चूक नाही. चूक माझी आहे."

एवढं सगळं मला इंग्रजीत करायचं होतं. मी माईक जवळ ओढला, आणि त्यातलं फक्त शेवटचं वाक्य सांगितलं. चूक माझी आहे.

सभागृहाला ते बाईंचं वाक्य वाटलं. टाळ्या वाजल्या. बाईंना इंग्रजी येत नाही, पण तेवढं त्यांना कळलं. त्यांनी माझ्याकडं पाहून नाही म्हणून मान हलवली, आणि वहीचं पहिलं पान उलटलं.